पहिल्या मजल्यावरचा डोळ्यांचा दवाखाना

गणपतीच्या आठ दिवस आधी, मोदकांच्या ऑर्डरी घेण्याच्या ऐन धांदलीत, मिठाईवाल्या शेटच्या काउंटरमागच्या भिंतीला ओल आली. दुकान वाशीतल्या एका व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. शेटनं आधी वर जाऊन सांगितलं, मग सोसायटीला पत्र दिलं. सोसायटीनं आठवडाभर हालचाल केली नाही म्हणून महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज टाकला. अर्जात गळतीबद्दल दोन ओळी होत्या. तिसरी ओळ शेटच्या भाच्यानं सुचवलेली: 'सदर गाळ्यात ऑफिसच्या जागी बेकायदा हॉस्पिटल चालू आहे.' गळती चार दिवसांत थांबली. तिसऱ्या ओळीनं पुढचे चौदा महिने खाल्ले.

मी आर्किटेक्ट. नवी मुंबईत डॉक्टरांच्या जागांची कामं बरीच केली आहेत. त्यातला नकाशे काढण्याचा वेळ थोडा, फायलींमागे फिरण्याचा जास्त. हे प्रकरण लिहून काढतोय, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी डॉक्टर समोर बसून तोच प्रश्न विचारतात: 'जागा कमर्शियल आहे, मग अडचण कसली?' इमारत आणि माणसं ओळखू येतील असं काही लिहीत नाही. बाकी घडलं तसं.

डॉक्टर मॅडम मोतीबिंदूच्या सर्जन. कोपरखैरण्यात रो-हाऊसच्या तळमजल्यावर त्यांची बारा वर्षांची प्रॅक्टिस. तिथं शेजाऱ्यांची कुरकुर कायम असायची: गेटसमोर रिक्षा थांबतात, पेशंटचे नातेवाईक ओट्यावर बसतात. मॅडमना वाटलं, घरांच्या वस्तीत दवाखाना चालवण्यापेक्षा रीतसर व्यापारी जागेत जावं, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही. कर्ज काढून त्यांनी शेजारशेजारचे दोन गाळे घेतले. दाखवणारा एजंट म्हणाला होता, 'मॅडम, कमर्शियल आहे, काहीही करा.' म्हणजे कायद्याला धरून राहावं म्हणून हलल्या, आणि तिथंच अडकल्या. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

काम इंटिरियरवाल्यानं केलं. दोन गाळ्यांमधली विटांची भिंत पाडली, पुढे वेटिंग आणि चष्म्यांचा काउंटर, मध्ये तपासणीच्या दोन खोल्या, मागे ऑपरेशन थिएटर. थिएटरबाहेर हात धुण्याचं मोठं सिंक आणि पेशंटसाठी एक नवं संडास. या दोन्हींसाठी लादीखाली भर घालून पाइप फिरवले, वॉटरप्रूफिंग उरकून टाकलं. खाली मिठाईचा काउंटर आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. थिएटरशेजारच्या खोलीत तीन रिक्लायनर खुर्च्या होत्या. खाटा का नाहीत, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. 'मशीन देणारा डीलर म्हणाला, बेड ठेवू नका, बेड नसला की हॉस्पिटल होत नाही.' हे वाक्य मी या धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की डीलरांना ते कंपनीकडूनच छापून मिळत असावं.

आता मूळ प्रश्न. व्यापारी विभागात दवाखान्याला परवानगी आहे का? आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण ज्याला युडीसीपीआर म्हणतो ती, लागू आहे. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा नियोजित भाग) असे काही अपवाद सोडले तर ठाणे आणि नवी मुंबई महापालिका दोन्ही तिच्यात येतात. त्याआधी नवी मुंबईत पालिकेची 1994 ची स्वतःची नियमावली होती. जुनी उघडा नाहीतर नवी, दवाखान्याला रहिवासी विभागातही काही अटींवर जागा आहे आणि व्यापारी विभागात तर आहेच. बाह्यरुग्ण तपासणीच्या दवाखान्याला हात सैल सोडलेला. मात्र रुग्ण दाखल करून ठेवायचे असतील तर ते खालच्या मजल्यांवर आणि येण्याजाण्याची वाट वेगळी, हा विचार नियमावल्यांमध्ये फार जुना आहे.

पण विभागाला परवानगी आहे याचा अर्थ त्या विभागातल्या प्रत्येक गाळ्याला आहे असा होत नाही, आणि डॉक्टर मंडळी घसरतात ती नेमकी इथं. विकास आराखड्यावरचा व्यापारी विभागाचा निळा रंग भूखंडाबद्दल बोलतो. गाळ्याबद्दल बोलतात मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. मॅडमकडे खरेदीखत होतं, शेअर सर्टिफिकेट होतं, मालमत्ता कराची पावती होती, वीजबिल होतं. ओसी आणि मंजूर नकाशा नव्हता. 'ते सोसायटीकडे असतील ना?' सोसायटीकडे ओसीची अस्पष्ट झेरॉक्स निघाली. नकाशा आम्ही पालिकेतून नक्कल अर्ज करून काढला. पहिल्या मजल्यावर प्रत्येक गाळ्यात आर्किटेक्टनं बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: ऑफिस. आणि दोन गाळ्यांच्या मधे भिंत.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसतं बांधकाम नाही. इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलसुद्धा विकासच, आणि विकासाला आधी परवानगी लागते. मग ऑफिसात डॉक्टर बसला तर तो महत्त्वाचा बदल का? इथं मला स्वतःला डॉक्टरांची बाजू पटते. राष्ट्रीय इमारत संहितेत डॉक्टरांचं कन्सल्टिंग ऑफिस वकील-आर्किटेक्टच्या ऑफिसांबरोबर 'ई' गटात, म्हणजे व्यावसायिक वापरात येतं. टेबल, खुर्ची, तपासणीचं यंत्र, आणि आत-बाहेर करणारी माणसं. याला महत्त्वाचा बदल म्हणणं ओढूनताणून होईल. पण ज्या क्षणी माणूस आडवा होतो, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते आणि तो काही काळ स्वतःच्या पायांनी धावत जिना उतरू शकत नाही, त्या क्षणी गट बदलतो. खाटांचं रुग्णालय 'सी' गटात, संस्थात्मक. हा 'ई' आणि 'सी' मधला फरक आमच्या सगळ्या फाईलचा कणा होता, आणि तो नगररचनेच्या टेबलावर आधी दिसलाच नाही. तो दिसला अग्निशमन विभागात.

आधी नोटिशीचं सांगतो. विभाग कार्यालयातून माणूस आला, फोटो काढले, पंधरा दिवसांनी कलम 53 खालची नोटीस आली: विनापरवाना वापरबदल, विनापरवाना गाळे एकत्र करणं, विनापरवाना प्रसाधनगृह. मॅडम घाबरून त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. 'उद्या सील करतील का?' मी त्यांना कलमाचं तिसरं उपकलम वाचून दाखवलं. नोटिशीच्या मुदतीत कलम 44 प्रमाणे परवानगीसाठी अर्ज केला, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे चालू वापर थांबत नाही. ही सवलत फार डॉक्टरांना माहीत नसते. बहुतेक जण या टप्प्यावर 'कुणाला तरी भेटून' प्रकरण मिटवायला बघतात, मुदत निघून जाते, आणि मग हातात काहीच उरत नाही. आम्ही सातव्या दिवशी अर्ज दाखल केला. मात्र मी एक अट घातली: अर्जाचा निकाल लागेपर्यंत थिएटर बंद, ओपीडी चालू. मॅडमना ते आवडलं नाही. महिनाभराच्या शस्त्रक्रियांच्या तारखा दिलेल्या होत्या. पण ज्या खोलीबद्दल आपल्यालाच खात्री नाही, तिच्यात रोज माणसं झोपवायची आणि वर पालिकेला 'आम्ही कायदा पाळतो' असं लिहून द्यायचं, हे मला जमत नाही.

नवी मुंबईत आणखी एक मालक असतो, जो ठाण्यात नसतो. नौपाड्यात किंवा राम मारुती रोडला दवाखाना काढलात तर बोलायचं पालिकेशी आणि सोसायटीशी. इथं भूखंडाची मालकी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. 1970 साली सिडको आली, जमिनी 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिल्या. 1994 पासून आपल्या हद्दीत नियोजन प्राधिकरण पालिका झाली तरी पट्टेदाराचं नातं सिडकोशीच राहिलं. त्यामुळे नकाशा मंजूर करते पालिका, आणि भाडेपट्ट्यात लिहिलेल्या वापराबाहेर जायचं तर सिडकोचा ना-हरकत दाखला. आमच्या भूखंडाच्या करारात 'दुकाने व कार्यालये' असे शब्द होते. सिडकोला आम्ही ओपीडी दवाखान्यापुरतंच विचारलं, पत्रव्यवहार झाला, दाखला आला. या टप्प्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. वेळ लागला एवढंच.

खरा पेच अग्निशमनचा. सुधारित नकाशात मी सुरुवातीला थिएटरसह सगळं दाखवलं होतं, मॅडमच्या आग्रहाखातर. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी थिएटरकडे फारसं पाहिलं नाही. ते सरळ जिन्याकडे गेले. संकुलाला एकच सार्वजनिक जिना, दीड मीटर रुंद, वळणावर चढणाऱ्याला उतरणारा अंग चोरून वाट देतो असा. लिफ्ट सहा जणांची. 'सर, पेशंट बेशुद्ध असेल तर खाली कसा नेणार?' मॅडम म्हणाल्या, मोतीबिंदूत पेशंट बेशुद्ध नसतो, डोळ्याला थेंब टाकून भूल देतात, तासाभरात चालत जातो. त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के खरं. अधिकारी म्हणाले, 'मॅडम, मी मोतीबिंदूबद्दल नाही विचारत. खाली तळणीची कढई आहे, त्याबद्दल विचारतोय.'

त्या वाक्यानंतर मी थिएटरची बाजू मांडायची सोडून दिली. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या हॉस्पिटलमधून स्ट्रेचर मागवलं आणि मी व त्यांचा वॉर्डबॉय असे दोघं ते रिकामंच घेऊन जिना उतरलो. पहिल्या वळणावर ते उभं करावं लागलं. लिफ्टमध्ये ते गेलंच नाही. मॅडम वरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

अग्निशमनवाल्यांचा हट्ट उगाच नाही. मार्च 2021 मध्ये भांडुपला एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयापर्यंत खालची आग पोचली आणि रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बाळं गेली होती, एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभाग जळाला. भांडुपच्या घटनेचा आमच्याशी थेट संबंध: आग दवाखान्यातच लागायला हवी असं नाही. ती शेजारच्या दुकानात लागते आणि दवाखान्यातल्या माणसांना बाहेर पडता येत नाही. व्यापारी संकुलात दुकानदार धावत सुटतो, गिऱ्हाईक धावत सुटतं. डोळ्याला पट्टी बांधलेली सत्तर वर्षांची बाई धुरात कुठे धावणार? 'सी' गटाची सगळी अंकगणितं या एका प्रश्नासाठी मांडलेली आहेत.

पर्याय काय होते ते आम्ही प्रामाणिकपणे तपासले. बाहेरून स्वतंत्र लोखंडी जिना लावायचा? बाजूच्या मोकळ्या जागेत लावावा लागला असता, आणि ती जागा म्हणजे अग्निशमनच्या गाडीची वाट. सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात, जिना चालत नाही, आणि चालला असता तरी सोसायटीनं मान्यता दिली नसती. तळमजल्यावर उतरायचं? तिथल्या गाळ्यांचे भाव ऐकून मॅडम हसल्या. मिठाईवाल्या शेटना विचारून पाहू का, असं मी गमतीत म्हणालो. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

तरी मॅडमनी एक शेवटचा युक्तिवाद लावून धरला होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण बरेच नेत्रतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, दातांचे सर्जन तोच करतात. 'माझा पेशंट रात्री राहत नाही. खाट नाही, खुर्ची आहे. मग हे नर्सिंग होम कसं?' यासाठी 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा उघडला. मुंबईच्या नावानं आलेला हा कायदा आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. 2010 चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नसल्यामुळे नोंदणीचा मुख्य आधार हाच. त्यातल्या व्याख्येत रात्र नाही आणि खाटही नाही. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरलेली जागा, एवढंच आहे. उपचार तर ओपीडीतही होतात. वजन आहे ते 'शुश्रूषा' या शब्दावर. शस्त्रक्रियेनंतर तासभर कुणीतरी रक्तदाब बघत बसलं, डोळ्यावरची पट्टी सरळ केली, उलटी होते का पाहिलं, ही शुश्रूषा झाली. ती रिक्लायनरवर झाली म्हणून वेगळी होत नाही.

आणि गंमत अशी की हा मुद्दा शेवटी पालिकेनं नाही, विमा कंपन्यांनी निकालात काढला. मॅडमचे निम्मे पेशंट कॅशलेस मागतात. कॅशलेस यादीत यायला स्थानिक प्राधिकरणाकडची नोंदणी लागते, रोहिणी क्रमांक, म्हणजे विमा क्षेत्राच्या यादीतला हॉस्पिटलचा ओळख क्रमांक, लागतो. विमा नियामकाच्या व्याख्येत डे-केअर केंद्राला, म्हणजे पेशंटला त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या केंद्राला, खाटांची किमान संख्या नाही. पण नोंदणी, नर्सिंग स्टाफ आणि सुसज्ज थिएटर यांची अट आहे. म्हणजे विम्याच्या फॉर्ममध्ये मॅडम 'आम्ही डे-केअर केंद्र' असं लिहिणार आणि पालिकेच्या फॉर्ममध्ये 'आम्ही फक्त ओपीडी'. एकाच जागेबद्दल दोन सह्या. मी म्हणालो, 'मॅडम, या दोन कागदांची कधीतरी एकमेकांशी गाठ पडेल.' त्या दिवशी त्यांनी थिएटरचा विषय सोडला.

मग गाडी रुळावर आली. दुसरा सुधारित नकाशा टाकला: दोन गाळे एकत्र, वापर बाह्यरुग्ण दवाखाना, थिएटरच्या जागी लेझर आणि तपासणीची खोली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी डोळ्यात पडदा येतो तो उडवायचं याग लेझर पेशंटला यंत्रासमोर बसवूनच करतात; ती ओपीडीतली गोष्ट. भिंत पाडल्याबद्दल स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र जोडलं. इमारत आरसीसी फ्रेमची, भिंत नुसती भरावाची, भार न पेलणारी, त्यामुळे धोका नव्हता, पण 'धोका नव्हता' हे इंटिरियरवाल्यानं पाडायच्या आधी कुणाला विचारलं नव्हतं. संडास ठेवायचं की नाही यावर नगररचनेत दोनदा त्रुटी निघाली. शेवटी ते पाइपांच्या मूळ शाफ्टच्या बाजूला सरकवलं, म्हणजे मिठाईच्या काउंटरवरून हललं. शेटची मूळ तक्रार खऱ्या अर्थानं तेव्हा संपली.

दाराशी रॅम्प हवा होता. बारा फुटांना एक फूट चढ, हा उताराचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण संकुलाच्या पायऱ्यांसमोर बारा फूट मोकळे कुठून आणायचे हे कुणाला पाठ नसतं. सोसायटीनं पुढच्या पार्किंगमधली एक जागा दिली. त्यासाठी मॅडमनी रॅम्पचा पूर्ण खर्च केला आणि वर्षभर वाद झाला की रॅम्पवरून शेटचे दुधाचे कॅन चढवायचे की नाही. चढवतात.

पार्किंगचा हिशेब मात्र फार सोपा गेला नाही. ऑफिसात दिवसाला दहा माणसं येतात, दवाखान्यात ऐंशी. नियमावलीच्या तक्त्यात ओपीडी दवाखान्याचा आणि ऑफिसचा हिशेब बसवता आला. रस्त्यावर तो बसत नाही. इथं नियम आणि वास्तव यांत फट आहे, आणि ती व्यापारी विभागात जास्त जाणवते, कारण डोळे तपासायला येणारा माणूस एकटा येत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तो गाडी चालवू शकत नाही, म्हणून सोबत मुलगा, आणि मुलाची गाडी. सोसायटीच्या सभेत सगळ्यात जास्त आवाज या विषयावर चढला. मॅडमनी अपॉइंटमेंटची वेळ काटेकोर केली, शनिवारची ओपीडी सकाळी घेतली. याला मी तोडगा म्हणणार नाही. तात्पुरती समजूत म्हणेन.

कचऱ्याचा वाद छोटा होता पण कडवट. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, मात्र ते एकदाच. पिवळी, लाल, निळी आणि सुयांसाठी पांढरी न टोचणारी पेटी, बारकोड, आणि प्रक्रिया न झालेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मॅडमकडे हे सगळं होतं. वाद होता तो पिवळी पिशवी लिफ्टमधून नेण्याचा. एकदा पिशवी आणि पेढ्यांचा ट्रे एकाच लिफ्टमध्ये आले, आणि ते दृश्य कुणीतरी मोबाइलवर टिपलं. नियमांत काही चुकलं नव्हतं. तरी मी शेटच्या बाजूनं आहे. पेढा विकणाऱ्या माणसाला ते दृश्य चालणार नाही हे समजायला नियम लागत नाही. आता कचरा झाकणाच्या डब्यातून, जिन्यानं, दुकानं उघडायच्या आत खाली जातो.

वीजबिलाचं एक मध्येच निघालं. गाळा ऑफिस म्हणून असल्यामुळे मीटर व्यापारी दरावर होता. महावितरणच्या दरपत्रकात रुग्णालयं-दवाखान्यांसाठी सार्वजनिक सेवांची वेगळी वर्गवारी आहे, एलटी (लघुदाब) सातमधली 'इतर'. नकाशात 'दवाखाना' शब्द आल्यावर तो बदल मागता आला. चौदा महिन्यांत मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला खरंखुरं हसू दिसलं ते यावर. मला यानिमित्तानं 1968 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आठवतो. गुजरातमधल्या एका डॉक्टरच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की डॉक्टरचा खासगी दवाखाना ही तेव्हाच्या दुकाने कायद्याच्या अर्थानं व्यापारी आस्थापना नाही. आपल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दवाखाने नाव घेऊन आले आहेत, कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नोंदणी न करता नुसती सूचना द्यायची. तर एका कायद्यात डॉक्टर व्यापारी नव्हता, दुसऱ्यात आहे, वीजवाल्यांना सार्वजनिक सेवा आणि नगररचनेला 'ई' गट. डॉक्टर मंडळी गोंधळतात यात नवल नाही.

शस्त्रक्रियांचं काय झालं? नेरूळला एका स्वतंत्र इमारतीतल्या नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये मॅडम आठवड्यातून दोन दिवस थिएटर भाड्यानं घेतात. कॅशलेस त्या हॉस्पिटलच्या नोंदणीवर होतं. पेशंटला वाशीत तपासून नेरूळला पाठवावं लागतं. काही म्हातारी माणसं त्या प्रवासाला कंटाळून दुसरीकडे गेली. मॅडमच्या हिशेबानं हा तोटा मोठा आहे. थिएटरसाठी घेतलेलं हवा गाळायचं यंत्र त्यांनी नाशिकच्या एका डॉक्टरांना अर्ध्याहून कमी किमतीत दिलं. मायक्रोस्कोप नेरूळला नेला. रिक्लायनर खुर्च्या वेटिंगमध्ये आहेत, आणि पेशंटबरोबर येणारे आजोबा त्यांच्यावर घोरतात.

मंजुरी आल्यावर ओसीआधीच्या शेवटच्या पाहणीला कनिष्ठ अभियंता आले. नकाशा हातात धरून खोल्या मोजल्या, संडासाची जागा बघितली, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख वाचली. लेझरच्या खोलीत आल्यावर त्यांची नजर वर गेली. छताच्या मधोमध जाड लोखंडी हूक आहे, ऑपरेशनचा दिवा टांगायला बसवलेला, स्लॅबमध्ये बोल्ट मारून. तो काढायचा राहून गेला होता, किंवा मॅडमना काढवला नव्हता.

'हा कशाला?'

मी काही बोलायच्या आत मॅडमनी सांगितलं, 'ओटी लाइटचा होता. आता नाही.'

त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली, मग टाचणात लिहिलं: 'छतास हूक – वापरात नाही', आणि पुढच्या खोलीत गेले.